शिक्षक व्हायचे, पण कोणत्या वाटेने?

वैशाखातले ऊन कलले की आपण या पटांगणात व्याख्यानाला जमतो. याच दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक निराळीच बैठक भरलेली असते. घरातल्या मुलाने अगर मुलीने पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेली असते, निकाल लागायचा असतो, आणि 'आता पुढे काय?' या प्रश्नावर आई, वडील, मामा, शेजारी असे सारेच आपापले मत देत असतात. मुलगी म्हणते, 'मला शिकवायला आवडेल.' त्यावर कोणी वडीलधारा म्हणतो, 'मग बी.एड. करून टाक,' आणि बैठक उठते. या 'करून टाक'विषयी आम्हांला आज चार शब्द सांगायचे आहेत. सांगण्याचा अधिकार एवढाच की, आम्ही पस्तीस वर्षे हातात खडू धरला आणि त्या काळात असे सल्ले पुष्कळांना दिले. त्यांतला एक सल्ला चुकला, आणि तो ज्या घराला भोवला ते घर आमच्या भिंतीला भिंत लागून आहे.

आमच्या शेजाऱ्यांची मुलगी २०१५ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवावे, ही तिची इच्छा. ती आमच्याकडे विचारायला आली, 'काका, एम.एस्सी. करू, की बी.एड. करून पुढे एम.एड. करू?' आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, 'बी.एड. कर आणि लगेच एम.एड. कर. आपल्या पेशातली ती सर्वांत वरची पदवी. एकदा ती हाती आली की शाळा, कॉलेज, ट्रेनिंग कॉलेज, कोठेही जा, दार उघडेच!' मुलगीने आमचा शब्द मानला. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले. दोन वर्षे बी.एड., दोन वर्षे एम.एड., आणि दोन्हींत पहिला वर्ग. २०१९ साली ती अर्ज करायला निघाली तेव्हा कळले की, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशी जोडी लागते. एम.एस्सी.ची उणीव एम.एड.ने भरून निघत नाही. बरे, बी.एड. महाविद्यालयात विज्ञान-अध्यापनाची अध्यापिका व्हावे म्हटले, तर तिथेही एम.एड.बरोबर विषयातली पदव्युत्तर पदवी हवी आणि दोन्हींत पंचावन्न टक्के गुण हवेत. म्हणजे ज्या दोन दारांसाठी चार वर्षे घातली, ती दोन्ही एकाच कुलपाने बंद; आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे तीच एम.एस्सी., जिच्यापासून आम्ही तिला परावृत्त केले. उरली नववी-दहावी, तिला नुसती बी.एड. पुरते, एम.एड.ची गरजच नाही.

मुलगीने आम्हांला दोष दिला नाही. तिचे वडील मात्र एवढेच म्हणाले, 'मास्तर, तुम्ही तरी आधी एखादी जाहिरात वाचून पाहायची होती.' हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही नियम वाचले, निकाल वाचले, जाहिराती वाचल्या. आज जे सांगत आहोत ते त्या उशिरा केलेल्या वाचनातून आलेले आहे.

आमची चूक नेमकी कोणती? आम्ही पदव्यांची एक शिडी मनात उभी केली होती. डी.एड. खाली, त्यावर बी.एड., त्यावर एम.एड., सर्वांत वर पीएच.डी.; आणि वरच्या पायरीवर गेलेल्याला खालची प्रत्येक पायरी आपोआप मिळते, अशी आमची समजूत. वस्तुतः शिक्षणक्षेत्रातल्या पदव्या शिडीसारख्या नाहीत, त्या एस.टी. स्थानकातल्या फलाटांसारख्या आहेत. सहाव्या फलाटावरची गाडी दुसऱ्या फलाटावरच्या गाडीपेक्षा श्रेष्ठ नसते; ती फक्त दुसऱ्या गावाला जाते. नाशिकला जायचे असेल तर नाशिकच्या फलाटावर उभे राहावे लागते. कोल्हापूरच्या गाडीत पहिला नंबर लावून उपयोग नाही. तेव्हा 'कोणती पदवी मोठी?' हा प्रश्न प्रथम बाजूला ठेवावा आणि 'मला कोणत्या वयाच्या मुलांसमोर उभे राहायचे आहे?' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की पदवीचे उत्तर बहुतेक आपोआप मिळते.

आता एकेक फलाट पाहू.

पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचे असेल, तर त्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका आहे. पूर्वी तिला डी.एड. म्हणत, आज डी.एल.एड. म्हणतात. पुष्कळांना वाटते की, बी.एड. झालेला मनुष्य पाचवीला शिकवू शकतो तसाच पहिलीलाही शिकवील. वरचे येते त्याला खालचे का येऊ नये? मध्यंतरी, २०१८ साली, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने तशी मुभा दिलीही होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ती रद्द ठरवली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, आणि बी.एड.चा अभ्यासक्रम त्या कौशल्यासाठी बेतलेला नाही. आम्हांला हा निकाल फार मोलाचा वाटतो. लहान मुलांना शिकवणे सोपे, मोठ्यांना शिकवणे अवघड, हा आपल्या समाजातला जुना गैरसमज. ज्याने कधी चाळीस बालकांना एकाच वेळी 'क' आणि 'फ' यांतला फरक शिकवला आहे, त्याला विचारा! पण निकाल कितीही योग्य असला, तरी ज्यांनी प्राथमिक शाळेच्या आशेने बी.एड.चा फलाट धरला होता, त्यांची गाडी चुकली, हेही तितकेच खरे.

सहावी ते आठवी या इयत्तांना पदवी आणि त्यावर अध्यापनाची पदविका वा बी.एड. चालते. मात्र पहिलीपासून आठवीपर्यंतच्या सर्व शिक्षकांना आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो, तो शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे लोक जिला टी.ई.टी. म्हणतात तिचा. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्यातून ही अट आली. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली. दीडशे गुणांची परीक्षा, सर्वसाधारण उमेदवाराला साठ टक्के गुण हवेत. पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी, दुसरा सहावी ते आठवीच्या. ही अट नव्यांनाच लागू आहे, असे जुने शिक्षक समजत होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्यांनाही ती लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल, तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावयाचे, असा तो आदेश. आमच्या ओळखीचे पन्नाशीच्या घरातले शिक्षक त्यानंतर मुलांच्या जोडीने रात्री अभ्यासाला बसू लागले. बी.एड.चे प्रमाणपत्र ही परवान्याची अर्धी बाजू आहे, दुसरी बाजू या परीक्षेची आहे, हे फॉर्म भरण्यापूर्वीच ध्यानात ठेवलेले बरे.

नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. लागते. अकरावी-बारावीला विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. त्यापुढे पदवी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर बी.एड.चा संबंधच संपतो. तिथे विषयाची पदव्युत्तर पदवी पंचावन्न टक्क्यांनी आणि त्यावर नेट अगर सेट, किंवा पीएच.डी. हवी. तात्पर्य, जसजसे मुलांचे वय वाढते, तसतसा अध्यापनशास्त्राचा भाग कमी होतो आणि विषयाचा भाग वाढतो. हे तत्त्व ज्याच्या लक्षात राहिले, त्याला तपशील पाठ करावे लागत नाहीत.

येथे थोडे मागे वळून पाहू. शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, ही कल्पना आपल्याकडे काही काल-परवाची नव्हे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली, त्या सावित्रीबाई फुले स्वतः आधी शिकवण्याचे शिक्षण घेऊन आलेल्या होत्या. मुंबईत माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय १९०६ साली निघाले, एम.एड. ही पदवी देशात प्रथम मुंबई विद्यापीठाने १९३६ साली सुरू केली. आपल्या आजोबांच्या पिढीत 'बी.ए., बी.टी.' अशी अक्षरे नावापुढे असलेला मास्तर गावात मानाचा असे. ती बी.टी. म्हणजेच पुढची बी.एड. अनेक दशके ती एका वर्षाची होती. नऊ-दहा महिन्यांत अर्धे दिवस व्याख्याने, अर्धे दिवस पाठ, आणि अखेरीस फायलींचा ढीग, असे तिचे स्वरूप आमच्या वेळी होते.

मग ती दोन वर्षांची का झाली? त्यामागे आपल्याच राज्यातली एक कहाणी आहे. दोन हजार सालानंतरच्या दशकात महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. त्यांना मान्यता देण्याचा वाद न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल २०१२ साली आला. त्याच्या शिफारशींवरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले, आणि २०१५ पासून बी.एड. व एम.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे झाले. इकडे शिक्षकभरती थंडावली तशी डी.एड.ची अनेक विद्यालये विद्यार्थ्यांवाचून बंद पडली. ज्या आईबापांनी शेत गहाण टाकून मुलांना डी.एड. केले, त्यांच्या हाती प्रमाणपत्र राहिले आणि नोकरी राहिली नाही. त्या मुलांचा दोष एवढाच की, ज्या फलाटावर सर्वांत मोठी गर्दी दिसली तिथे ती उभी राहिली.

आता बी.एड.च्या अंतरंगाकडे वळू. पदवीला पन्नास टक्के गुण आणि राज्याची प्रवेशपरीक्षा, एवढे झाले की प्रवेश मिळतो. पण प्रवेश घेताना जी गोष्ट सर्वांत आधी पाहावयाची ती सर्वांत शेवटी पाहिली जाते. ती म्हणजे शाळेतला अनुभव. नियमाप्रमाणे दोन वर्षांत किमान वीस आठवडे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शाळेत घालवायचे असतात, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. शाळेतल्या त्या काळात नव्वद टक्के उपस्थिती हवी, आणि एरवी ऐंशी टक्के. ही सोळा आठवडे म्हणजे बी.एड.चा प्राण आहे. बाकीची पुस्तके मनुष्य घरी बसून वाचू शकतो. शिकवणे मात्र मुलांसमोरच शिकता येते.

आमचा स्वतःचा पहिला पाठ आम्हांला अजून आठवतो. सातवीचा वर्ग, विषय भूगोल, मोसमी वारे. आम्ही पाठाचे टाचण असे सुरेख लिहिले होते की, परीक्षकांनी त्यावर तांबड्या शाईने 'उत्तम' लिहिले. वर्गात उभे राहून आम्ही नकाशा लावला, प्रश्न विचारले, फळ्यावर सारांश लिहिला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, 'सर, वारा ढग घेऊन येतो, तर मग आपल्या गावात का पडत नाही?' त्याचे गाव डोंगराच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. आमच्या टाचणात त्या गावाला जागाच नव्हती! त्या दिवशी टाचणाला 'उत्तम' मिळाले आणि पाठ मात्र नापास झाला. आमच्या मार्गदर्शक बाई वर्गात मागे बसलेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी तोच पाठ आमच्याकडून पुन्हा घेवविला, आणि या वेळी सुरुवात त्या मुलाच्या गावापासून करावयास लावली. आमचे बी.एड. त्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले, असे आम्ही समजतो.

म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत, संगणकांची खोली आणि जाहिरातीतली छायाचित्रे यांवर जाऊ नये. तिथे शिकून गेलेल्या दोघा-तिघांना गाठून चार प्रश्न विचारावेत. पाठ घेताना अध्यापक वर्गात मागे बसत होते की नाही? शाळेत खरोखर किती आठवडे काढले? फसलेला पाठ पुन्हा घ्यायला लावला का? आणि हजेरी खरी होती की कागदावरची? हा चौथा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. 'फी भरा, परीक्षेला या, मध्ये येण्याची आवश्यकता नाही,' असे सांगणारे लोक भेटतात, आणि आईबापांनाही ती सोय वाटते. ही सोय नव्हे. त्या मुलाने दोन वर्षांची फी भरून शिकवणे सोडून बाकी सर्व काही विकत घेतलेले असते. पुढे चाळीस मुलांचा वर्ग त्याच्या हाती येतो, आणि त्याच्या न शिकण्याची किंमत त्या मुलांना मोजावी लागते. ती मुले कोणाची? तुमची-आमचीच.

दुसरी एक गोष्ट. बी.एड.मध्ये अध्यापनपद्धतीचा विषय निवडताना आपल्या पदवीचा विषय सोडू नये. 'त्या पद्धतीला जागा रिकामी होती म्हणून घेतली' असे सांगणारे उमेदवार पुढे मुलाखतीत अडखळतात. कारण शाळेची जाहिरात विषयाने निघते. बी.एस्सी. गणित आणि बी.एड.लाही गणित, अशी सरळ रेघ असली की अर्ज छाननीत अडकत नाही.

बी.एड.नंतर काय? येथे तीन वाटा फुटतात, आणि आमच्या शेजारच्या मुलीची गाडी चुकली ती याच तिठ्यावर.

पहिली वाट विषयातल्या एम.ए., एम.एस्सी. वा एम.कॉम.ची. ज्याला मुलांना विषय शिकवीत राहायचे आहे, त्याने बहुधा हीच धरावी. आमचे तर आता असे मत झाले आहे की, शक्य असेल त्याने ही पदवी बी.एड.च्या आधीच करावी. एक तर विषय ताजा असतो. दुसरे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर पदवी किंवा चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची कल्पना मांडली, आणि तिला अनुसरून नव्या नियमांचा मसुदा २०२५ साली प्रसिद्ध झाला. अर्ज करताना त्या वर्षीचे नियम मुळातून वाचावेत; ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दुसरी वाट एम.एड.ची. ही शिक्षकांच्या शिक्षकाची पदवी आहे. ज्याला बी.एड. वा डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवायचे आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी काम करायचे आहे, त्याने ती घ्यावी; पण वर सांगितल्याप्रमाणे तिच्या जोडीला विषयाची पदव्युत्तर पदवी असल्याशिवाय तिचे वजन पडत नाही. पुष्कळ शिक्षक मुख्याध्यापक होण्यासाठी एम.एड. करतात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला आपल्या राज्याच्या नियमांत ती अनिवार्य नाही. तिथे पदवी, अध्यापनाची पदवी, अनुभव आणि सेवाज्येष्ठता यांचा विचार होतो. आमचे मत विचाराल तर, एम.एड. करावी ती निदान तीन-चार वर्षे शिकवून झाल्यावर. ज्याने स्वतः वर्ग सांभाळलेला नाही, त्याने वर्ग कसा सांभाळावा यावर प्रबंध लिहिणे म्हणजे काठावर बसून पोहण्याची पुस्तके वाचण्यासारखे आहे.

तिसरी वाट शिक्षण या विषयातल्या एम.ए.ची. नाव एम.एड.सारखे वाटते, पण जात निराळी. ती परवान्याची पदवी नसून विचाराची पदवी आहे. शाळा का अशा आहेत, गरिबाचे मूल का गळते, पाठ्यपुस्तक कसे घडते, परीक्षा काय मोजते, अशा प्रश्नांचा तीत अभ्यास होतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने प्राथमिक शिक्षणावरचा असा अभ्यासक्रम २००६ साली सुरू केला. बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठही शिक्षणातले एम.ए. देते. स्वयंसेवी संस्था, अभ्यासक्रमरचना, पाठ्यपुस्तके, संशोधन अशा कामांना ही पदवी उपयोगी पडते. मात्र नुसत्या या पदवीवर शाळेतला शिक्षक होता येत नाही, हे प्रथमच समजून घ्यावे. पीएच.डी.विषयी एवढेच सांगतो की, महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२३ पासून नेट, सेट वा स्लेट ही किमान अट ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली. तेव्हा केवळ नोकरीच्या धाकाने पाच वर्षे प्रबंधात घालवू नयेत. मनात खरोखर एखादा प्रश्न असेल तर अवश्य घालवावीत.

ज्यांना दृष्टिहीन, कर्णबधिर वा मतिमंदत्व असलेल्या मुलांना शिकवायचे आहे, त्यांचा फलाट आणखी वेगळा. विशेष शिक्षणातल्या बी.एड.ला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता लागते, आणि शिक्षकाला तिथे नाव नोंदवावे लागते. या वाटेवर गर्दी कमी आणि गरज फार.

येथे कोणी विचारील, 'हे सगळे ठीक. पण प्रपंच चालेल का?' प्रश्न रास्त आहे, आणि व्यासपीठावरून त्याला बगल देणे बरे नव्हे. अनुदानित शाळेत नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात, अशी पद्धत आपल्याकडे २००० सालापासून आली. हे मानधन दीर्घकाळ तुटपुंजे होते. २०२३ साली ते प्राथमिकला महिना सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजार करण्यात आले. नेमणुकीसाठी बी.एड.शिवाय शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि 'पवित्र' या शासकीय व्यवस्थेतून निवड होते. भरती नियमित होत नाही. मधली वर्षे पुष्कळजण विनाअनुदानित शाळांत किंवा तासिका तत्त्वावर काढतात, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्या तासांचे पैसेही मिळत नाहीत. हे घरात सर्वांसमोर, कागदावर आकडे मांडून बोलावे. कर्ज काढायचे असेल तर ते फेडण्याची वर्षे मोजून काढावे. आदर्शाच्या नावाखाली हे आकडे झाकून ठेवणारा सल्लागार मुलाचा हितचिंतक नव्हे.

पण आकडे मांडल्यावरही ज्याचे मन शिकवण्याकडेच ओढ घेते, त्याच्यासाठी एक उदाहरण सांगतो. ताराबाई मोडक या राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. आम्ही मनात धरलेल्या शिडीप्रमाणे पाहिले तर ती फार वरची पायरी. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि लहान मुलांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. पुढे १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते पुढे चालवले. बालवाडीत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही कल्पना तिथे रुजली. आज देशभर घरोघरी ठाऊक असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामाची आठवण देतो. लौकिक दृष्टीने ताराबाई पायऱ्या उतरल्या. खरे म्हणजे त्यांना ज्या गावाला जायचे होते त्या गावाच्या फलाटावर त्या जाऊन उभ्या राहिल्या.

सर्वांनाच असा त्याग करता येत नाही आणि करावा असेही आमचे म्हणणे नाही. आमची सूचना फार साधी आहे. यंदा ज्या घरात बी.एड.चा फॉर्म भरला जाणार असेल, त्या घरातल्या मुलाने वा मुलीने त्याआधी आठ दिवस शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसावे. गावातल्या एखाद्या मुख्याध्यापकांना विनंती केली तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. दोन दिवस दुसरीच्या वर्गात, दोन दिवस सातवीच्या, दोन दिवस दहावीच्या, दोन दिवस बारावीच्या. रोज घरी आल्यावर स्वतःला विचारावे, 'उद्या पुन्हा याच वर्गात जावेसे वाटते का?' ज्या वर्गाविषयी उत्तर 'होय' येईल, तो आपला वर्ग. मग त्या वर्गाच्या शिक्षकपदाच्या दोन-तीन जुन्या जाहिराती काढाव्यात, त्यांतली पात्रता कागदावर उतरून घ्यावी, आणि तिथून मागे मागे येत आपली पदवी ठरवावी. आठही दिवसांत कोठेच 'होय' आले नाही, तर शिक्षकी पेशा आपल्यासाठी नाही, हेही आठ दिवसांत आणि फुकट कळते. बी.एड.ला तेच कळायला दोन वर्षे आणि फी लागते.

आमच्या शेजारच्या मुलीने पुढे एम.एस्सी. केली. दोन वर्षे सकाळी शिकवण्या घेऊन तिने वडिलांच्या कर्जाला हातभार लावला. आज ती तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला रसायनशास्त्र शिकवते. परवा ती भेटली तेव्हा आम्ही न राहवून म्हणालो, 'तुझी दोन वर्षे आमच्यामुळे वाया गेली.' ती म्हणाली, 'काका, वर्षे माझी गेली, त्याचे काही नाही. बाबांचे मात्र कर्ज वाढले, त्याचे वाईट वाटते. माझ्या वर्गातल्या मुली आता मला विचारायला येतात, तेव्हा मी आधी त्यांना जाहिरात आणायला सांगते.'

आम्ही पस्तीस वर्षांत जे शिकलो नाही, ते ती पहिल्या दोन वर्षांतच शिकवू लागली आहे. यंदाच्या घरगुती बैठकीत 'करून टाक' म्हणण्यापूर्वी आपणही तेवढे करावे, ही आमची सर्व पालकांना विनंती.